वरीलप्रमाणे

सोमवार, ३ मार्च

जुनी वही संपली. नव्या वहीच्या पहिल्या पानावर नियम पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे हात सैल सुटणार नाही. कुणाचं नाव लिहायचं नाही, जागेचं नाही, रस्त्याचं नाही. ताई म्हणतात, घरातून बाहेर जाणाऱ्या कागदावर नाव गेलं की ते आपलं राहत नाही. ही वही माझ्या पिशवीतून रोज ये-जा करते, तेव्हा हिलाही तोच कायदा.

तर घरात सध्या अकरा बायका आणि सात मुलं. सगळ्या कुणापासून तरी निघून आलेल्या. ताई घर चालवतात, मी नोंदी ठेवते. बारा वर्षांपूर्वी मीही अशीच आले होते, आणि मग जायचंच राहून गेलं.

आज देणगी देणाऱ्या संस्थेची माणसं आली होती. ताईंनी त्यांना आमच्या संकेतस्थळावरचं 'आमची कामाची पद्धत' हे पान दाखवलं. जावईबापूंनी नवीन वर्षात केलेली सोय. जावईबापू म्हणजे आमचा संगणकवाला. फुकट काम करतो, चार महिन्यांतून एकदा उगवतो आणि आला की ताई त्याला दोनदा चहा विचारतात, म्हणून हे नाव. पूर्वी बायकांच्या नोंदींची प्रत वेगळी ठेवायचो आणि संकेतस्थळावर येणाऱ्या निरोपांची वेगळी. आता संगणकात दोन्ही एकत्र दाबून एकच गठ्ठा होतो, वर पक्कं कुलूप. जागा निम्मीच लागते. नवा निरोप आला की लगेच नवा गठ्ठा तयार होतो आणि त्या पानावर आपोआप उमटतं : 'प्रत सुरक्षित.' खाली वेळ, त्याखाली आकार.

पाहुणे खूश झाले. मलाही तो आकडा बघायला आवडतो. दूध उतू जातंय का बघावं तशी मी दिवसातून चारदा डोकावते.

शुक्रवार, ७ मार्च

निरोपांच्या पेटीत गंमत चालली आहे. कालपासून एकेका अक्षराचे निरोप येतायत. अगदी एकच अक्षर नाही, आधी आमच्याच फॉर्ममधला मथळा :

सध्याचं काम: क
सध्याचं काम: ख
सध्याचं काम: ग

प्रत्येक निरोप दोनदा. असं करत 'च'पर्यंत आलं आणि थांबलं. आमचा कोरा फॉर्म संकेतस्थळावर ठेवलेला आहे, काय काय विचारणार ते बायकांना आधीच कळावं म्हणून. तो पुढ्यात घेऊन कुणीतरी बाराखडी गिरवतंय.

ताई म्हणाल्या, "पोरंटोरं असतील. टाक केरात."

केरात टाकायचं माझ्या जिवावर आलं. पहिल्या खेपेला मी ताईंना पत्र लिहिलं तेव्हा चार पाकिटं फुकट घालवली होती. लिहायला बसलं की हात थांबायचा. ही जी कोणी आहे, तिला कदाचित लिहितासुद्धा येत नसेल. घरात कुणी नसताना शिकत असेल बिचारी. घाई नाही म्हणावं.

मंगळवार, ११ मार्च

बाईंची प्रगती आहे. आता दोन अक्षरं. 'चक', 'चख', 'चग' अशी सगळी वर्णमाला उतरत उतरत शेवटी 'चष'. तिथे थांबली. प्रत्येक निरोप दोनदा, मध्ये मिनिटभराचं अंतर. ठरलेली वेळ म्हणजे दुपारी दोन ते तीन. एरवी त्या वेळात आम्हाला कुणाचेच निरोप येत नाहीत, सगळी दुनिया जेवून सुस्तावलेली असते.

जावईबापूंना फोन केला, की निरोप अर्धवट येतायत. म्हणाला, "फॉर्म मध्येच तुटत असेल मावशी. बघतो." बघतो म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. मागच्या न्हाणीघराचा नळही असाच एक जण बघणार आहे.

बुधवार, १२ मार्च

संध्याकाळी चष्मेवालीबरोबर भाजी निवडत बसले होते. ती ऑगस्टात आली, सहा वर्षांची मुलगी बरोबर. दोन महिन्यांपासून चष्म्यांच्या दुकानात काचा घासायचं काम करते, बाहेर कामाला जाणारी सध्या ती एकटीच. हात इतके हलके की दुकानाचे म्हातारे मालक म्हणतात, ही काच घासत नाही, समजूत काढते. हे सांगताना आज पहिल्यांदा ती मोकळी हसली.

मग आपण होऊनच नवऱ्याबद्दल बोलली. कधी बोलत नाही.

"मावशी, त्याने कधी हात उगारला नाही. आवाजसुद्धा चढवला नाही. म्हणून माझं कुणाला खरंच वाटायचं नाही."

"मग काय करायचा?"

"विचारायचा. कुठे गेली होतीस? आईकडे? बहिणीकडे? बाजारात? एकेक विचारायचा आणि माझ्याकडे बघत राहायचा. मी उत्तर द्यायचीच नाही. तरी त्याला कळायचं."

"कसं?"

"मी किती वेळ गप्प राहते ते तो मोजायचा. खोट्या जागेचं नाव घेतलं की मी जरा जास्त वेळ गप्प. खऱ्या जागेचं घेतलं की कमी. मला स्वतःला कधी समजलं नाही ते. त्याने एकदा हसत हसत सांगितलं."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. कोर्टाने त्याला तिच्या आसपास फिरकायची बंदी घातली आहे. पण असल्या माणसाला बंदी घालायची म्हणजे कशाला घालायची, विचार करायला?

शुक्रवार, १४ मार्च

जे घडलं ते क्रमाने लिहिते. 

दुपारी शब्द पुरा झाला. 'सध्याचं काम: चष्म्याचं'. पाठोपाठ 'चष्म्याचं घर', 'चष्म्याचं कारखाना' असलं काहीबाही, आणि शेवटी 'चष्म्याचं दुकान'. मी एकटीच टाळी वाजवणार होते. देवाशपथ, मला आनंद झाला होता.

चष्मेवालीला आज अर्ध्या दिवसाची सुटी. मुलीची वेणी घालत होती. मी म्हटलं, "अगं, तुझ्याच धंद्यातली कुणीतरी आम्हाला लिहिते आहे. लिहायला शिकते आहे बहुतेक. एकेक अक्षर जोडत आठवड्यात 'चष्म्याचं दुकान'पर्यंत पोचली बघ."

तिचा हात वेणीत अडकला तसाच राहिला. मुलगी म्हणाली, "आई, ओढतेस."

"मावशी, प्रत्येक निरोप दोनदा येतो का?"

"हो. तुला कसं माहीत?"

"तो प्रत्येक प्रश्न दोनदा विचारायचा. खात्री करून घ्यायला."

मी तिला समजावायला लागले. म्हटलं, वेडे, नोंदींना कुलूप आहे, जावईबापू सांगतात असलं कुलूप फोडायला जन्म पुरायचा नाही. बोलता बोलता माझाच आवाज पातळ होत गेला. कारण तिच्या नोंदीत मी माझ्या हाताने लिहिलेलं वाक्य अक्षरशः तेच होतं. 'सध्याचं काम: चष्म्याचं दुकान, शाळेमागे.'

पाच वाजायच्या आत ताईंनी मायलेकींना गाडीत बसवून त्यांच्या एका मैत्रिणीकडे पोचवलं. वेणी एकच घातलेली. दुसऱ्या बाजूचे केस तसेच मोकळे.

शनिवार, १५ मार्च

जावईबापू सकाळी आठला हजर. चहाला नको म्हणाला, त्यावरूनच काय ते समजले. दोन तास यंत्रापुढे बसला. मग म्हणाला, "कुलूप शाबूत आहे. कुणीही आत आलेलं नाही."

ताई म्हणाल्या, "मग त्याला स्वप्न पडलं?"

तो खुर्ची मागे सारून उठला. मग माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्ही हाताने यादी लिहिताय. एक पत्ता वर येऊन गेलाय, खाली पुन्हा तोच आला. पूर्ण लिहाल?"

"छे. 'वरीलप्रमाणे' लिहीन."

"गठ्ठा दाबणारा प्रोग्रॅमही तेच करतो. जे आधी येऊन गेलंय ते पुन्हा लिहीत नाही, नुसती खूण ठेवतो. म्हणून तर जागा वाचते. आता बघा. त्याचा निरोप आणि तिची नोंद एकाच गठ्ठ्यात. त्याने पाठवलं 'सध्याचं काम: क'. असं आत कुठे नाही, म्हणून ते अक्षर नव्याने लिहावं लागतं आणि गठ्ठा जरा जास्त फुगतो. त्याने पाठवलं 'सध्याचं काम: च'. ते आत आहे. प्रोग्रॅम म्हणतो, वरीलप्रमाणे. गठ्ठा कमी फुगतो. एक-दोन बाइटचा फरक."

"आणि आकार..." ताई म्हणाल्या.

"आकार आपणच रोज पानावर छापत होतो. सगळ्या जगाला."

मला आधी समजलं नाही. मग समजलं. पेटी बंद. कुलूप लावलेलं. पण आम्ही ती पेटी चौकात तराजूवर ठेवून दिली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हवं ते तिच्यात टाकायची मुभा दिली होती. तो बाहेर उभा राहून एकेक अक्षर टाकत होता आणि काटा बघत होता. पेटी गप्पच होती. तो तिचं गप्प राहणं मोजत होता.

जावईबापू मान खाली घालून म्हणाला, "दाबायचं आणि मग कुलूप घालायचं, याच्यात हे भोक असतं, हे मला शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. जागेच्या नादात विसरलो."

ताई त्याला काही बोलल्या नाहीत. मला वाटतं, बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

केराची पेटी उपसली. जानेवारीपासूनचे निरोप, मीच फालतू समजून न वाचता टाकलेले. तीनशेच्या वर. सुरुवातीला नुसती बायकांची नावं, लांबलचक यादी, त्यात तिचंही. ती इथे आहे की नाही, इथपासून त्याने सुरुवात केली होती. मग 'मुलं: एक मुलगा', 'मुलं: एक मुलगी', सराव केल्यासारखं, ज्याचं उत्तर त्याला माहीतच होतं. ओळीने वाचत गेलं की अंधारात कुणीतरी भिंत चाचपत येतंय असं वाटतं. शेवटचे निरोप कालचे, चार वाजताचे. 'मुलांची शाळा:' आणि पुढे दोन अक्षरं. दोन्ही बरोबर होती.

घराचा पत्ता आम्ही कुठल्याच नोंदीत लिहीत नाही, तेवढं एक दैव.

साडेअकराला जावईबापूने पानावरचा आकडा काढून टाकला. दहा मिनिटांनी निरोप आला. नुसतं प्रश्नचिन्ह. मिनिटभराने पुन्हा प्रश्नचिन्ह.

आम्ही तिघं त्या पडद्याकडे बघत राहिलो. ताईंनी उठून खिडकी लावली, जणू तो ऐकत होता.

सोमवार, १७ मार्च

चौकीवर. तक्रार घेणारी हवालदारीणबाई शहाणी होती, पण तिच्याही रकान्यांत हे बसेना.

"काय चोरलं त्याने?"

"काही नाही."

"आत शिरला?"

"नाही."

"मग केलं काय?"

"आकार बघितला."

तिने पेन खाली ठेवलं. "बाई, आकार बघणं हा गुन्हा कुठल्या कलमाखाली लिहू?"

तिचा दोष नाही. मीही जानेवारीपासून तोच आकार बघत होते.

मंगळवार, १८ मार्च

दुकानाचे म्हातारे मालक ताईंना आणि मला भेटायला आले, बाहेर चहाच्या टपरीवर. काल एक गृहस्थ आले होते म्हणाले. पन्नाशीचे, नीटनेटके, बोलणं गोड. दुकान बंद व्हायला अर्धा तास असताना आले आणि चौदा फ्रेमी लावून पाहिल्या. आरशात मात्र स्वतःकडे बघत नव्हते, मागच्या दाराकडे बघत होते, जिथे काचा घासायची खोली आहे.

"काही विचारलं?"

"एवढंच म्हणाले, काचा कोण घासतं? मी म्हटलं, मीच. तर जरा थांबले आणि पुन्हा विचारलं, काचा कोण घासतं?"

मालकांनी पुन्हा 'मीच' म्हटलं. पण मला म्हणाले, "बाई, दुसऱ्या खेपेला मला उत्तर द्यायला उशीर झाला. त्यांनी मान डोलावली आणि निघून गेले."

दुकानातल्या कॅमेऱ्यात तो आला आहे, पण सगळा वेळ पाठमोरा. चेहरा कुठेच नाही. तरी चालण्यावरून चष्मेवालीने ओळखलं. बंदी मोडली, हे कलम हवालदारीणबाईंच्या रकान्यात बसलं. दुपारी त्याला उचलला.

गुरुवार, २० मार्च

जावईबापू तीन दिवस इथेच तळ ठोकून आहे. नोंदी आणि निरोप आता कधीच एका गठ्ठ्यात जाणार नाहीत. नोंदी दाबायच्याच नाहीत, जागा लागली तर लागू दे. वर दर गठ्ठ्यात कमीजास्त भुसा भरायचा, म्हणजे आकार कुणी पाहिला तरी त्याला काही अर्थ राहू नये. एका ठिकाणाहून दिवसात ठरावीकच निरोप. पानावर नुसतं 'प्रत झाली' एवढंच.

संध्याकाळी सगळ्या बायकांना बसवून सांगितलं. ताई म्हणाल्या मी सांगते, मी म्हटलं मलाच सांगू द्या. निरोप मी वाचत होते. आनंदाने वाचत होते.

 मग स्वयंपाकघर बघणारी, जिचा आवाज एरवी तिसऱ्या गल्लीत जातो, हळूच म्हणाली, "म्हणजे आपण तोंडातून चकार शब्द काढला नाही तरी बाहेरच्याला कळतं?"

"आता नाही कळणार."

"आत्तापर्यंत कळत होतं ना?"

तिघींनी आपापल्या नोंदी फाडून मागितल्या. फाडून दिल्या, यंत्रातूनही पुसल्या.

शुक्रवार, २८ मार्च

ताकीद देऊन त्याला सोडलं. हवालदारीणबाईंनी फोन करून सांगितलं, वरून म्हणाल्या, "चौकीत फार सभ्य वागला. पाणी देणाऱ्याचेही आभार मानले."

चष्मेवाली आणि मुलगी आता फार लांब आहेत. कुठे, ते मलाही ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याचं मला सुख आहे.

बुधवार, २ एप्रिल

दुपारी सव्वादोनला निरोप आला.

'तुम्ही वाचता ना?'

दुसरं काही नाही. जावईबापूला फोन केला. कुठून आला ते कळत नाही म्हणाला. "उत्तर देऊ नका मावशी. तोच असेल."

मी ताईंच्या त्या मैत्रिणीकरवी चष्मेवालीला निरोप पोचवून विचारलं, तो असं विचारेल का? उलट निरोप आला : 'विचारेल. पण मावशी, मीसुद्धा आधी हेच विचारलं असतं.'

ताईंसमोर दोन्ही ठेवलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, "आता त्या आकड्यात काही नाही. आपल्याला मोजून कुणाला काही मिळायचं नाही. मग जे कोणी लिहितंय ते वाचलं जावं म्हणूनच लिहितंय. घाबरून दार लावून घेतलं तर त्याच्यात आणि आपल्यात फरक काय? त्यालाही ती कुठे जाऊ नये असंच वाटत होतं."

निरोपाच्या चौकटीखाली जावईबापूने कुरकुरत एक ओळ घातली : 'हो. वाचतो.'

शुक्रवार, ४ एप्रिल

काल उत्तर आलं. 'उद्या अकराला बाहेर पडता येईल. दोन मुलं आहेत. मोठ्या दवाखान्यात, औषधांच्या रांगेशी.'

हवालदारीणबाई साध्या साडीत आल्या, रांगेत उभ्या राहिल्या. मी बाकावर बसले, संकेतस्थळावरचा आमचा कोरा फॉर्म मांडीवर दिसेल असा ठेवून. उजेड लख्ख, माणसांची ही गर्दी, आणि तरी मी भिंतीला पाठ लावून. त्याचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. रांगेत पन्नाशीचे, नीटनेटके, गोड बोलणारे सहा जण होते. एक जण खिडकीवरच्या माणसाला सारखं काहीतरी विचारत होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, आपण किती वेळ बघतोय हे कुणीतरी मोजतंय.

अकरा वाजून गेले. साडेअकरा. दोन मुलं घेऊन बायका आल्या, औषधं घेतली, गेल्या. हवालदारीणबाईंचा नंबर आला, त्यांनी खोकल्याची बाटली घेतली आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या.

पावणेबाराला एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली. कडेवर एक, बोटाला एक. विशी-बाविशीची. माझ्याकडे बघत नव्हती, समोरच्या भिंतीवरची औषधांची जाहिरात वाचत होती. वाचता येत होतं तिला, ओठ हलत होते. मोठ्या मुलाने माझ्या पिशवीला हात लावला, तिने तो मागे ओढला.

 मी काही विचारलं नाही. कुठून आलीस, कोण आहेस, कुणापासून, एक अक्षर नाही. प्रश्न ओठांवर येत होते आणि मी ते गिळत होते.

शेवटी तीच म्हणाली, "तुम्ही काही विचारणार नाही?"

"नाही."

मग तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला. सगळा भार टाकून टेकला.

नोंदीचा फॉर्म दुपारी तिच्यासमोर ठेवला तो कोरा. म्हटलं, जे लिहावंसं वाटेल तेवढंच लिही. तिने मुलांची वयं लिहिली आणि पेन परत केलं.